मार्क दहा आणि तुझ्या बहिणीचं बाळ

प्रिय पोरी,
प्रभूमध्ये सलाम.

बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय, तुझ्या प्रार्थनागटातला मित्र म्हणतो तान्ह्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, आणि बहीण नि मित्र दोघंही बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्यायच उघडून दाखवतात. 'खरा अर्थ कोणाचा ते एकदा सांगून टाका,' असं लिहिलंयस. नाही सांगणार. मला मत आहे, पण ते तुला आयतं मिळायचं नाही. त्याऐवजी एकच सांगतो, आणि तू कंटाळेस्तोवर सांगेन: अर्थ पारखण्याआधी, तो लावणाऱ्याला कोणता प्रश्न छळत होता ते शोध.

तेरा ते सोळा ही वचनं सावकाश वाच. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य दटावतात, येशूला राग येतो. 'बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका' म्हणत तो त्यांना कवेत घेतो, हात ठेवून आशीर्वाद देतो. पाणी कुठेच नाही. इथवर तुझा मित्र बरोबर. लंडनच्या स्पर्जन या बॅप्टिस्ट (म्हणजे जाणत्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) उपदेशकाने १८६४ साली या वचनांवर प्रवचन केलं, तेही हेच: मुलांना ख्रिस्ताकडे आणा, बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे नव्हे. पण त्याला छळत काय होतं? इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मार्कचा हाच उतारा वाचत, आणि पाणी घातल्यावर बाळाचा नवा जन्म झाला असं जाहीर करत. मग ते बाळ मोठं होऊन देवळाची पायरीही न चढो! स्पर्जनचा राग त्या फुकटच्या भरवशावर होता.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याला वेगळंच छळत होतं. अब्राहामाच्या घरात आठ दिवसांच्या मुलाला देवाशी झालेल्या कराराची खूण, म्हणजे सुंता, मिळायची. मग ख्रिस्त आल्यावर देवाचा हात आखडला की काय? लेकरांना ख्रिस्ताकडे आणणं योग्य, तर खुणेपासून त्यांना अडवायचं का? असा प्रश्न घेऊन आलं की तेच वचन उलट बोलायला लागतं. आणि हे वाद काही चहाच्या टेबलावरचे नव्हते. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या, धर्मसुधारणा स्वीकारलेल्या नगरसभेने फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देणं. तुझ्या मित्राच्या आवाजातली धार कुठून येते, कळतंय का?

त्याच्याही कितीतरी आधी, सन २०० च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की येऊ द्या मुलांना, पण मोठी होताना, शिकताना येऊ द्या. म्हणजे तेव्हाही कोणीतरी याच वचनाच्या जोरावर मुलांना पाण्याकडे नेत होतं. तर्तुल्यनला भीती होती बाप्तिस्म्यानंतर होणाऱ्या पापाची, आणि बाळाच्या वतीने हमी देणाऱ्यांच्या गळ्यात पडणाऱ्या ओझ्याची.

कॅथलिकांचं तुला नवल वाटेल. तान्ह्यांचा बाप्तिस्मा ते सोडत नाहीतच. पण बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी आशा धरताना १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात पुन्हा हेच वचन आहे. तिथे प्रश्न विचारतेय बाळ गमावलेली आई. तिच्यापुढे स्पर्जनचा मुद्दा मांडून बघ बरं.

आपल्याकडचं घे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो जाणत्या वयात, हिशेब चुकते करून. पहिली पिढी अशीच येते, आणि नव्या करारात बहुतेक पहिलीच पिढी आहे. पाळण्यातल्यांचं काय, हा दुसऱ्या पिढीचा प्रश्न. तुझा मित्र आणि तुझी बहीण दोन वेगळ्या पिढ्यांचे प्रश्न घेऊन भांडतायत. आणि दोघंही म्हणणार, वचन स्पष्ट आहे!

मला मंडळीत 'दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा' म्हणतात. म्हणोत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय चर्च झालं तेव्हा तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि न देणारे बॅप्टिस्ट एकाच छपराखाली आले, आणि दोन्ही रीती मान्य करूनच आले. ती काय भित्र्यांची मोट होती? माझा थोरला भाऊ चाळिशीत नदीवर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. ओल्या सदऱ्यानेच जेवायला बसला. आईने वाढलं, कोणी काही बोललं नाही. त्याच्या मनात काय पेटलं होतं ते आमच्या घरात कधी निघालंच नाही, आणि आता तो नाही. म्हणून मी हट्ट धरतो. धरणारच. प्रश्न शोध.

कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागातला सोळावा अध्याय वाच. वैताग येईल, माणूस तिथे फार खेकसतो. मग स्पर्जनचं प्रवचन वाच. तोवर मित्राला मेसेजवर वचनं पाठवणं बंद. दोघांना छळणारा प्रश्न तुझ्या शब्दांत, अर्ध्या पानात लिहून मला धाड. तुझं मत त्यानंतर विचारीन. बाळाच्या बाप्तिस्म्याला मात्र वेळेवर जा, आणि मित्रालाही बोलाव.

तुझा,
काका