‘व्हॉलंटियर इन्फन्ट्री’साठी ‘स्वयंसेवक’ चालेल काय?

अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर मिनेसोटा राज्याच्या ‘फर्स्ट मिनेसोटा व्हॉलंटियर इन्फन्ट्री’चे स्मारक आहे. त्याविषयी लिहिताना ‘स्वयंसेवक पायदळ रेजिमेंट’ म्हणावे की ‘शिलेदार’ वापरावा, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत.

स्वयंसेवक म्हटले की संमेलनाच्या मांडवात बिल्ला लावून विनावेतन राबणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. या स्मारकाच्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर मात्र बंदुकीला संगीन चढवून धावत निघालेला ब्राँझचा सैनिक आहे. २ जुलै १८६३ रोजी उत्तरेच्या फौजेतले जनरल हॅनकॉक यांच्या हुकमावरून या तुकडीच्या २६२ जणांनी दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या अलाबामा राज्याच्या कितीतरी मोठ्या ब्रिगेडवर चाल केली आणि या २६२ पैकी २१५ ठार वा जखमी झाले; हे आकडे स्मारकावरच्या लेखातच आहेत. हे सगळे तीन वर्षांच्या मुदतीवर भरती झालेले पगारी शिपाई होते. साध्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत. म्हणजे ‘व्हॉलंटियर’ हे विशेषण मोबदल्याविषयी नसून भरतीच्या रीतीविषयी आहे. अमेरिकेची खडी फौज तेव्हा अगदीच लहान असल्यामुळे १८६१ मध्ये लिंकन यांनी आवाहन केल्यावर राज्याराज्यांनी आपापल्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांवर गव्हर्नरांनी अधिकारी नेमले, आणि म्हणूनच नावातला ‘फर्स्ट’ हा क्रमांकही मिनेसोटाचा आहे, देशाचा नव्हे. मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाल्यावर ‘आपखुशीने आलेला’ हा अर्थ अधिकच ठसठशीत झाला.

‘शिलेदार’ हा शब्द मोहात पाडणारा खरा, पण तो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणाऱ्या स्वाराचा आहे. पायदळाला तो लावणे म्हणजे पायी चालणाऱ्याला उगाच घोड्यावर बसवणे. त्यापेक्षा ‘स्वेच्छाभरती’ हा सामासिक शब्द नेमका ठरेल.

आता ‘रेजिमेंट’. भारतीय लष्करात एका रेजिमेंटमध्ये अनेक बटालियन असतात आणि बटालियनला आपण पलटण म्हणतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘जंगी पलटण’ प्रसिद्धच आहे. त्या काळची अमेरिकी पायदळ रेजिमेंट दहा कंपन्यांची, कागदावर सुमारे हजार माणसांची असे. हा आकार आपल्या पलटणीचा आहे. तेव्हा ‘मिनेसोटाची पहिली स्वेच्छाभरती पायदळ पलटण’ असे लिहावे, मूळ नाव एकदाच देवनागरीत द्यावे आणि पुढे नुसते ‘पहिली मिनेसोटा’ म्हणावे.