दुधाचे दात आणि अणुचाचण्या

प्रश्न : अण्वस्त्रांविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमा, मोर्चे, परिषदा यांविषयी आपण नेहमी वाचतो. पण ज्या शस्त्रांचा निर्णय चार-दोन राष्ट्रप्रमुखांच्या हाती असतो, त्यांच्या बाबतीत सामान्य माणसांच्या प्रयत्नांनी खरोखर काही बदलल्याचे एखादे उदाहरण सांगता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांगता येईल, आणि ते अमेरिकेतील सेंट लुइस शहराचे आहे.

१९५०च्या दशकात अण्वस्त्रांच्या चाचण्या सर्रास उघड्या वातावरणात होत. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर झालेल्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांच्या अंगावर पडली आणि त्यांतील एक जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दगावला. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी उचलून धरलेल्या बंदीच्या मागणीवर पुढे देशभरात तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. पंडित नेहरूंनीही २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले. तरीही चाचण्या चालूच राहिल्या, कारण दूरवर पसरणारा किरणोत्सार नगण्य असल्याचे अमेरिकी सरकारी यंत्रणा सांगत होती आणि ते खोडून काढण्यासाठी लोकांजवळ मोजमाप नव्हते.

चाचण्यांतून निघणारे स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर कुरणांवर उतरते, चाऱ्यावाटे गाईच्या दुधात येते आणि रासायनिक गुणधर्म कॅल्शियमसारखे असल्याने मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. दुधाचे दात बाळाच्या जन्माच्या आगेमागे घडत असल्यामुळे सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात सात वर्षांपूर्वीची नोंदच पुढे ठेवतो. हे ओळखून जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर, वैद्यक डॉ. लुईस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९५८ मध्ये सेंट लुइसमध्ये दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली. प्रत्येक दातासोबत एक छापील अर्ज भरून द्यायचा असे : मूल कधी व कुठे जन्मले, गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होते की बाटलीने. दात देणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा मजकूर असलेला बिल्ला मिळे. (पडलेला दात कौलांवर फेकण्याची रीत असलेल्या आपल्या मुलांनी तो बिल्ल्यासाठी जपून ठेवला असता, यात मला शंका नाही.) १९७०पर्यंत सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले की चाचण्या वाढल्या तसे दातांतील स्ट्रॉन्शियमही वाढले होते.

२६ जुलै १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी चाचणीबंदी कराराचे समर्थन करताना मुलांच्या हाडांतील कर्करोगाचा आणि रक्तातील ल्युकेमियाचा स्पष्ट उल्लेख केला. ५ ऑगस्टला मॉस्कोत सह्या झाल्या आणि अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी वातावरणातील, अंतराळातील आणि पाण्याखालील चाचण्या बंद केल्या. हे सारे श्रेय दातांना देणे भाबडेपणाचे ठरेल, कारण आदल्या वर्षी क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाच्या उंबरठ्यापर्यंत गेलेल्या पेचप्रसंगाने दोन्ही महासत्ता हादरल्या होत्या. पण घरातल्या मुलांच्या अंगात काय साठते आहे हे आकड्यांनी दाखवल्यावर ‘अपाय नाही’ हे उत्तर टिकले नाही.

कराराने शस्त्रे मात्र कमी केली नाहीत. जमिनीखालील चाचण्यांना मुभा राहिली. फ्रान्सने १९७४पर्यंत आणि चीनने १९८०पर्यंत वातावरणातही स्फोट केले. भारताने या करारावर १९६३ मध्येच सही केली होती आणि १९७४ची पोखरणची चाचणी भूमिगत असल्याने ती त्याच्या चौकटीतच बसत होती. सर्व प्रकारच्या चाचण्यांवर बंदी घालणारा १९९६चा करार अद्याप अमलात आलेला नाही, आणि त्यावर भारताची सही नाही.