आठ लाखांची हमी नेमकी कोणाला?

२०२० सालच्या अखेरीस, कोरोनाच्या काळात, नाशिकहून एका छापखान्याच्या मालकांचं पत्र आलं; हे उत्तर तेव्हाचंच आहे. वय ४४, घरात आई, पत्नी आणि शिकणारी दोन मुलं. लग्नपत्रिका, शाळांच्या डायऱ्या, बिलबुकं अशी छपाईची कामं. डिसेंबर २०१८ मध्ये कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतलं. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचे २८ लाख बाकी होते आणि कॅश क्रेडिटमधून, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेल्या मर्यादेतून, १२ लाख उचललेले होते. दोन्हींना तारण राहतं घर. एक गाळा क्लासवाल्यांना महिना १८ हजारांनी दिला आहे, एप्रिलपासून भाडं बंद. मार्च ते ऑगस्ट मशीनचे हप्ते मोरेटोरियममध्ये, म्हणजे बँकांनी दिलेल्या हप्तेस्थगितीत, टाकले होते. आता बँकेतून रोज फोन येतो की सरकारी हमीचं आठ लाखांचं कर्ज तयार आहे, फक्त सही करून जा.

त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. हे कर्ज घ्यावं का? व्याजमाफीचे ५,१०० रुपयेच जमा झाले, बाकीचे कधी येणार? आणि भाडं मागू नका असं सरकारनेच सांगितलं, तर गाळेमालकांना भरपाई कधी?

पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे: "डिसेंबरमध्ये युलिपचा तीन लाखांचा हप्ता आहे, तो या आठ लाखांतूनच निघून जाईल." युलिप म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी. खरं पत्र ही एकच ओळ आहे. तिच्याकडे येतोच, आधी विचारलेलं संपवू.

बाकीचे पैसे येणार नाहीत, कारण बाकी काही नाहीच. केंद्राने ऑक्टोबरमध्ये जाहीर केली ती सानुग्रह रक्कम. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांच्यातला जो फरक, तेवढाच सरकारने भरला. तुमच्या ४० लाखांवर ११ टक्क्यांनी सहा महिन्यांचं सरळ व्याज होतं दोन लाख वीस हजार. चक्रवाढीने धरलं तर त्यावर पाच हजार आणि थोडे. ते थोडे तुमच्या खात्यात आले. दोन लाख वीस हजार तुमच्या डोक्यावर आहेत तसे आहेत. वर्तमानपत्रांनी "व्याजमाफी" असा मथळा दिला आणि लोकांनी मथळ्यावर हिशेब मांडला. हे लिहिताना, २०२० अखेर, न्यायालयात सुनावणी चालू आहे, हे मलाही माहीत आहे. तिच्या भरवशावर कागदाची ऑर्डर देऊ नका.

मोरेटोरियमचंही तेच. सहा महिने ६१ हजारांचा हप्ता भरला नाही, म्हणजे साडेतीन लाखांहून थोडे जास्त हातात राहिले. त्या काळात मशीनच्या २८ लाखांचे साडेएकोणतीस लाख झाले. हप्ता तोच ठेवला तर साठ हप्त्यांत फिटणारं कर्ज आता पासष्टाव्या हप्त्याला फिटेल. म्हणजे पावणेतीन लाखांचा भुर्दंड. तुम्ही त्या पैशातून तीन कामगारांचे पगार चालू ठेवले, असं लिहिलं आहे. मग चुकलं असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात शाळा बंद, कार्यालयं बंद, मशीनवर कापड टाकलेलं. दुसरा मार्ग नव्हता. फक्त ती सवलत फुकट होती असं मनात धरू नका.

भाड्याचं थोडक्यात. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं ते असं: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. त्यात राहत्या घरांचा विचार होता. भाडं माफ करा असं कुठे म्हटलेलं नाही आणि मालकाला कोणी भरून देईल असंही नाही. केंद्राच्या गृहमंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश तर मजुरांच्या एका महिन्याच्या भाड्यापुरता होता. तुमच्या क्लासवाल्यांनी व्हॉट्सॲपवर जे फॉरवर्ड दाखवलं, त्यात हे दोन्ही एकत्र कालवून वर "भाडेमाफी" लिहिलेलं असणार. दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की जागा ताब्यात ठेवायची आणि लॉकडाऊन म्हणून भाडं द्यायचं नाही, हे चालणार नाही. भरायला थोडी सवड मिळू शकते. निकाल दिल्लीचा आहे, पण बोलणी करताना कामाला येईल.

बोलणीच करा. सात महिन्यांचे सव्वा लाख थकले आहेत, डिपॉझिट एक लाख आहे, ते मनातल्या मनात संपलेलं धरा. क्लास कधी उघडतील ते त्यांच्याही हातात नाही. माझ्या ऑफिससमोरच्या एका इमारतीत खाली अकरा गाळे आहेत. त्यांतल्या पाच शटरवर "भाड्याने देणे आहे" लिहिलंय, आणि त्यातल्या दोन पाट्यांचा रंगही उडाला आहे. क्लासवाल्यांना काढून तुम्हाला सहावी पाटी लावायची आहे का? मार्चपर्यंत नऊ हजार घ्या, थकबाकी वर्षभरात हप्त्यांनी घ्या, आणि हे सगळं पुरवणी करार करून दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. तोंडी सवलत दिली तर पुढे कर भरताना आणि भांडताना, दोन्ही वेळा तुम्हीच अडकाल.

तुमचे मेव्हणे म्हणताहेत की मुद्रांक शुल्क डिसेंबर २०२० अखेरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी आहे, दुसरा गाळा घेऊन टाका. चाळीस लाखांच्या गाळ्यावर एक लाख वीस हजार वाचतील आणि पहिल्याच वर्षी साडेतीन-चार लाख व्याज जाईल. मेव्हण्यांना फराळाचं विचारा, गाळ्याचं नको.

आता आठ लाख. या योजनेचं पूर्ण नाव इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम. मे २०२० मध्ये केंद्राच्या आत्मनिर्भर पॅकेजमध्ये आली, तीन लाख कोटींची. २९ फेब्रुवारीला जेवढी कर्जाची बाकी, तिच्या २० टक्के नवं कर्ज. तुमच्या ४० लाखांवर आठ. २०२० च्या नियमाने बँकेला व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज, प्रोसेसिंग फी नाही, मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. कर्ज म्हणून चांगलं आहे. छोट्या उद्योगाला एवढ्या दराने आणि एवढ्या सहजतेने बँका एरवी पैसे देत नाहीत.

पण तुम्ही लिहिता, "सरकारने शंभर टक्के हमी घेतली आहे, त्यामुळे धोका नाही." धोका कोणाला नाही? हमी बँकेला मिळाली आहे. तुम्ही थकलात तर सरकारची ट्रस्टी कंपनी बँकेचे पैसे भरून देईल आणि वसुली तुमच्याकडून चालूच राहील. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुमच्याच नावाचा. नवं तारण मागत नाहीत हे खरं, पण आहे त्या तारणावर, म्हणजे तुमच्या राहत्या घरावर, दुसरा बोजा चढतो. फोन करणाऱ्याने हे सांगितलं नसेल. तो "शेवटची तारीख" सांगत असेल, आणि तीही आता मार्च २०२१ अखेरीपर्यंत गेली आहे. घाई त्याच्या टार्गेटची आहे.

आठ लाखांचा हिशेब असा. पहिलं वर्ष महिना सहा हजार दोनशे, मग तीन वर्षं साडेपंचवीस हजार. मशीनचे ६१ हजार धरून दुसऱ्या वर्षापासून महिन्याला साडेशहाऐंशी हजार, कॅश क्रेडिटचं व्याज वेगळं. तुम्हीच लिहिलं आहे की पन्नास पाहुण्यांच्या लग्नाला पाचशे पत्रिका कोण छापणार, पोरं पीडीएफ बनवून पाठवतात. मग साडेशहाऐंशी हजार कुठून आणणार?

म्हणून आठ नको, चार घ्या. कागदवाल्याची अडीच लाखांची उधारी महिना दीड टक्क्याने चालू आहे, वर्षाला अठरा टक्के. ती आधी उडवा. अठराचं कर्ज सव्वानवात येणं ही या योजनेची तुमच्यासाठी सगळ्यात मोठी सवलत आहे. उरलेल्या दीड लाखात कॅलेंडर-डायऱ्यांच्या ऑर्डरचा कागद भरा. पहिलं वर्ष तीन हजार शंभर, मग पावणेतेरा हजार. हे झेपेल.

आणि त्या चार लाखांत युलिपला जागा नाही.

मशीनचं कर्ज डिसेंबर २०१८ चं, पॉलिसीही डिसेंबर २०१८ ची. हा योगायोग मी पंधरा वर्षं बघतोय. कर्जाच्या कागदांबरोबर आणखी एक फॉर्म सरकवला जातो, "साहेब, फाइल लवकर हलेल" एवढंच वाक्य असतं, आणि छापखाना चालवणारा माणूस वर्षाला तीन लाखांची पॉलिसी घेऊन बाहेर पडतो. घरी सांगतो की एफडीसारखंच आहे. तुम्ही सहा लाख भरलेत. ऑक्टोबरअखेरच्या स्टेटमेंटवर फंड व्हॅल्यू पाच लाख साठ हजार. पैसे इक्विटी फंडात आहेत. पहिला हप्ता गेला तेव्हा सेन्सेक्स छत्तीस हजारांच्या आसपास होता, दुसरा गेला तेव्हा एक्केचाळीसच्या, आणि या ऑक्टोबरअखेर चाळीसच्या जरा खाली. नुसतं सेन्सेक्सबरोबर चालले असते तर सहा लाखांचे सहाच्या थोडे वरच झाले असते. मधले पन्नास-साठ हजार बहुतेक करून ॲलोकेशन, ॲडमिन, विम्याचा आकार अशा नावांनी कापले गेले. स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, भिंग घेऊन बसा.

बरं, विमा तरी किती? हप्त्याच्या दहापट, तीस लाख. कर्ज चाळीस. उद्या तुम्हाला काही झालं तर तीस लाख विमा कंपनीकडून येतील, बँकेकडे जातील आणि वरच्या दहांसाठी वहिनींच्या दारात बँक उभी राहील. तुम्ही वर्षाला तीन लाख खर्चून घेतलेलं संरक्षण हे एवढं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, तब्येत धड असेल तर, एक कोटीची शुद्ध टर्म पॉलिसी, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता विमा, २०२० च्या दराने वर्षाला पंचवीस-तीस हजारांत मिळते.

तेव्हा क्रम असा. उद्याच टर्म पॉलिसीचा अर्ज करा, शुगर-बीपी असेल ते सगळं खरं लिहा. पॉलिसी हातात पडली की युलिपचा तिसरा हप्ता भरू नका. टर्म व्हायला उशीर झाला तर युलिपच्या हप्त्याला तीस दिवसांचा ग्रेस पीरियड असतो, त्या काळात विमा चालू राहतो. त्यानंतर तिसऱ्या वर्षात पॉलिसी बंद पडली तर कापता येतात फार तर चार हजार रुपये. उरलेले पैसे डिस्कंटिन्यूड, म्हणजे बंद पॉलिसींच्या, फंडात जातात, तिथे किमान चार टक्के मिळतात, आणि पाच वर्षांचा लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याची मुदत, संपला की डिसेंबर २०२३ मध्ये हातात येतात. मधल्या काळात कंपनी "पुन्हा चालू करा" म्हणून पत्रं पाठवेल. पाठवू दे.

एक कडू घास आहे. पाच वर्षांचे हप्ते पूर्ण न भरता युलिप बंद केलं तर आयकराच्या ८०सी कलमाखाली आधी घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरली जाते. तुमची दोन वर्षांची मिळून तीन लाख. पण यंदा छापखान्याचं उत्पन्न तसंही झोपलेलं आहे. हे तीन लाख चांगल्या वर्षात वीस-तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आले असते, यंदा बरेचसे खालच्या स्लॅबमध्ये बसतील. मार्चच्या आत हे उरकायचं ते यासाठी. सीएंना आधी आकडे दाखवा.

जुलैमध्ये कोरोना कवच ही आरोग्य पॉलिसी घेतलीत, बरं केलंत. पण ते कवच साडेनऊ महिन्यांचं आहे, एप्रिलअखेर संपेल, आणि कोविडखेरीज कशालाच लागू नाही. नेहमीचा मेडिक्लेम घरात कोणालाच नाही. युलिपचे जे तीन लाख वाचणार, ते मुळात तुमचे नव्हतेच, कर्जाचे होते, पण पाच लाखांच्या फ्लोटरला, म्हणजे सगळ्या घराच्या मिळून एका मेडिक्लेमला, लागणारे पैसे क्लासवाल्यांच्या नऊ हजारांतून दोन-तीन महिन्यांत निघतील.

आणखी एक. युलिपचा हप्ता तुमच्या कॅश क्रेडिट खात्यातून आपोआप कापला जातो, गेल्या वर्षीच्या पासबुकात १४ डिसेंबरची नोंद तुम्हीच फोटो काढून पाठवली आहे. मर्यादेत जागा असेल तर यंदाही कापला जाईल, तुम्ही काहीही ठरवलं असलं तरी. या आठवड्यात शाखेत जा, ते मँडेट, म्हणजे आपोआप कापण्याची परवानगी, रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. आठ लाखांच्या कर्जासाठी फोन करणाराच तिथे बसलेला असेल तर त्याच्याच टेबलावर चार लाखांचा अर्जही द्या.