स्वॉम्प ॲशच्या बॉडीत काळा ग्रेन भरताना सगळं लाकूड मळकट का होतं

तू लिहिलंयस की टेलिकास्टर गिटारच्या स्वॉम्प ॲश लाकडाच्या बॉडीवर काळा डाय फासला, लगेच फडक्याने पुसला, आणि नुसत्या ग्रेनच्या, म्हणजे लाकडातल्या नैसर्गिक, रेघा काळ्या होण्याऐवजी सगळी बॉडीच राखेच्या रंगाची झाली. आता काय करू म्हणतोस. घाबरू नकोस, बॉडी वाया गेलेली नाही, फक्त क्रम चुकलाय.

डाय म्हणजे विरघळलेला रंग, उघडं लाकूड मिळालं की तो कुठेही शिरतो. आपल्याला तो फक्त छिद्रांत हवाय. म्हणून आधी सपाट लाकडाचं तोंड बंद करायचं, म्हणजे सील करायचं, आणि मग छिद्रांत पिगमेंटवाला फिलर भरायचा, कारण पिगमेंट ही बारीक पूड असते, ती खड्ड्यात बसते आणि सील केलेल्या भागावरून पुसली जाते. तू व्हिडिओत काळा डाय लावून परत घासताना बघितलं असशील तर ती मेपलची फ्लेम, म्हणजे त्यातले ज्वाळांसारखे आडवे पट्टे, उठवायची पद्धत आहे, मेपल काय किंवा ऑल्डर काय, त्यांची छिद्रं इतकी बारीक की भरण्यासारखं काही नसतंच. ॲशचं वेगळं, दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते आणि मग घट्ट लाकूड, त्या ओळीच आपल्याला दिसतात. आपलं सागवानही तसंच, फक्त तेलकट असल्याने आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं.

आत्ता काय करायचं तर सपाट ठोकळ्यावर 120 चा सँडपेपर लावून घास, मग 180, मग 220. छिद्रांतला काळा काढायच्या मागे लागू नकोस, तो तर हवाच आहे. कडा मात्र गोल होऊ देऊ नकोस. बऱ्यापैकी घासूनही रेघांच्या बाजूला करडी झाक राहिलीच तर नॅचरल फिनिशचा हट्ट सोड आणि वरून पारदर्शक गडद लाल किंवा निळा घे, त्यात ती झाक अजिबात खुपत नाही. मग पितळी ब्रश ग्रेनच्या दिशेने फिरव, छिद्रं मोकळी होतात, आणि धूळ हवेने उडव.

सीलरला मी लाखच वापरतो. लिटरभर स्पिरिटला 100-120 ग्रॅम चपडी (लाखेच्या पातळ चकत्या), दोन-तीन दिवस ठेवून मेण खाली बसू द्यायचं आणि वरचं स्वच्छ द्रावण घ्यायचं, कारण मेणावर पीयू (पॉलियुरेथेन फिनिश) नीट धरत नाही. दोन पातळ हात पुरे, जाड दिलास तर छिद्रंच बुजतील. बॉडीच्या बुडाला आणि हॉर्नच्या, म्हणजे मानेजवळच्या शिंगासारख्या भागाच्या, टोकाला जिथे आडवं कापलेलं लाकूड उघडं असतं तिथे एक हात जास्त दे, तो भाग रंग फार पितो. लाखेचा आणखी एक फायदा म्हणजे तेलातला किंवा पाण्यातला फिलर तिला विरघळवत नाही, एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलरवर थिनरवाला फिलर लावलास तर सीलर उखडतो.

फिलर तयार मिळतो, नाहीतर चॉक पावडर, काजळी, उकळलेलं अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन, पातळ श्रीखंडाइतकं घट्ट कर. ब्रशने चोळून लाव, चमक गेली की जुनं एटीएम कार्ड ग्रेनला तिरकं धरून ओढ आणि मग गोणपाटाने आडवं पुस. उभं पुसलंस की छिद्रांतलं बाहेर ओढलं जातं, सगळ्यांची चूक इथेच होते. आणि एक, तेलाची फडकी चुरगाळून टाकू नकोस, आपोआप पेटतात, मोकळी पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

आता थांबायचं. निदान तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा, कारण ओल्या फिलरवर लॅकर मारलं की नंतर खाली बसतं. वास पूर्ण गेला की 320 ने अगदी हलका हात, सीलर फाटू द्यायचा नाही. काचेसारखं सपाट हवं असेल तर फिलरची दुसरी फेरी, मला विचारशील तर एकाच फेरीवर थांब आणि सॅटिन क्लिअर, म्हणजे मंद चमकेचं पारदर्शक फिनिश, मार, बोटाला ग्रेन लागतो आणि ॲश ॲशसारखं राहतं. त्याआधी लाखेचा एक हात दे. रंग हवा असेल तर तो क्लिअरमध्येच मिसळून फवार, सील झालेल्या लाकडात डाय शिरणार नाही. एनसी लॅकर असेल तर दमट दिवशी मारू नकोस, पांढरट पडतं.

हे सगळं पिकगार्डखाली (तारांजवळ बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीखाली) झाकल्या जाणाऱ्या भागावर आधी करून बघ, वाळल्यावर किंचित ओलं फडकं फिरवलंस की क्लिअरखाली रेघा किती काळ्या दिसतील ते तिथेच कळेल, फिकट वाटल्या तर पुढच्या घाण्यात काजळी वाढव.