जाम झालेला हातपंखा आणि इतर प्रश्न

भात्याऐवजी दांडा फिरवून भट्टीला वारा देणाऱ्या बिडाच्या पंख्यांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. शेतावरच्या एका लिलावात लोहारभट्टीचा जुना पंखा मिळाला. बॉडीवर ‘चॅम्पियन ४००’ अशी ओतीव अक्षरे आहेत. दांडा तसूभरही हलत नाही. पान्याला पाइप लावून जोर देऊ का?

उत्तर : नको. लँकेस्टरच्या चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज कंपनीचा हा पंखा, म्हणजे तुमच्याच राज्यातला माल. त्याची आतली रचना आधी समजून घ्या. दांड्याच्या आसावर मोठे दातेचाक असते, ते एका छोट्या चाकाला फिरवते. त्या छोट्या चाकाच्याच आसावर ब्राँझचे तिरप्या दातांचे चाक बसवलेले असते आणि ते पंख्याच्या आसावरच्या वर्मला, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या भागाला, फिरवते. दांड्याच्या एका फेऱ्यात पंखा चाळिसाहून अधिक वेळा फिरतो. साहजिकच दांड्यावर दिलेला जोर पंख्यापर्यंत पोचेस्तोवर तितक्याच पटीने कमी होतो. अडकलेले असते ते बहुधा पंख्याच्या आसाचे बेअरिंग, आणि मार खातात ते ब्राँझचे दात.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. गिअरच्या पेटीत वरच्या भोकातून डिझेल भरा. खालून गळेल, तेव्हा ताट ठेवा आणि दोन-तीन दिवस अधूनमधून भरत राहा. मग हवा आत घेणाऱ्या तोंडातून बोट घालून पाते पुढे-मागे हलवा, केसभर हलले तरी पुरे. हालचाल वाढत गेली की दांडाही आपोआप सुटतो. बोट घालण्याआधी आत बॅटरी मारून पाहा. गोदामात पडलेल्या पंख्यात कुंभारमाशीची मातीची घरटी हमखास असतात, आणि कित्येकदा ‘जाम’ म्हणून विकलेल्या पंख्याचे दुखणे तेवढेच निघते.

पंखा सुटला म्हणजे काम झाले असे समजू नका. तसाच फिरवत राहिलात तर डिझेलने सुटलेली घाण बेअरिंगमध्ये जाईल. पेटी उघडावीच लागेल. उघडण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, कोणता स्क्रू कुठला ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. स्क्रूचे डोके झिजू नये म्हणून खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. अडलेल्या स्क्रूभोवतीचे बीड गॅसने हळूहळू तापवा, लालभडक नको. आटे इंचातले असतात. १/४ इंचाच्या, इंचाला २० आटे असलेल्या भोकात एम ६ चा (६ मिमीचा मेट्रिक) स्क्रू सुरुवातीला बरा जातोसा वाटतो, कारण व्यास ६.३५ आणि ६ मिमी असे जवळपास आहेत. पण आट्यांचे अंतर १.२७ आणि १ मिमी असे वेगळे. दोन-तीन फेऱ्यांत तो अडतो, आणि पुढे रेटला तर भोकातले आटे घेऊनच बाहेर येतो.

आता छर्रे. पंख्याच्या आसाची दोन्ही टोके सायकलच्या चाकासारखी वाटी, कोन (आसावरचा शंकूच्या आकाराचा नट) आणि सुट्या छर्ऱ्यांवर फिरतात. आस ओढताच छर्रे घरंगळतात, म्हणून खाली कडा उचललेले ताट आणि त्यात जुने कापड अंथरा. दोन्ही बाजूंचे छर्रे वेगळे ठेवून मोजा. आकडा दोन्हीकडे सारखा नसेल तर आधीच्या कोणीतरी काही हरवले आहेत. व्हर्निअरने मापा: ४.७६ मिमी म्हणजे ३/१६ इंच, ६.३५ म्हणजे १/४, ७.९४ म्हणजे ५/१६. पहिली दोन मापे सायकलच्या दुकानात मिळतात. एखादाच छर्रा बदलू नका, पूर्ण संच नवा घाला. जुने छर्रे झिजून किंचित लहान झालेले असतात, त्यामुळे सगळा भार नव्या एकट्यावर येतो आणि तो वाटी कोरतो. बसवताना वाटीला जेमतेम चिकटण्यापुरते ग्रीस लावून वाटी भरेपर्यंत छर्रे लावा आणि शेवटी एक काढून घ्या, म्हणजे ते एकमेकांवर घासणार नाहीत.

या पंख्याचा जीव मात्र जुळवणीत आहे. वर्म फिरताना आसाला लांबीच्या दिशेने रेटतो. कोन ढिला असला तर आस पुढे-मागे सरकतो आणि वर्म चाकाच्या दातांवर आपटतो, फार आवळला तर छर्रे चिरडतात. कोन हाताने पूर्ण आवळा, मग साधारण १/८ फेरा मागे घ्या. लॉकनट आवळताना कोन पुन्हा थोडा पुढे जातो, म्हणून नट आवळून झाल्यावरच खेळ तपासा. दांडा जोरात फिरवून हात सोडला की तो आपसूक एखाद-दोन फेरे तरी पुढे गेला पाहिजे. झटक्यात थांबला तर जुळवणी पुन्हा करा.

प्रश्न : बफेलो फोर्जचा हातपंखा आहे. तेल घातले की दुसऱ्या दिवशी जमिनीवर! ऑइल सील बसवता येईल का? कोणी सांगितले की पेटीत ग्रीस ठासून भरा.

उत्तर : सील बसवण्याची जागाच नसते. जुन्या काळातले बहुतेक पंखे थोडे तेल गाळतच चालावेत असे बनवलेले आहेत. तुमचे तेल बहुधा जास्त होते आहे. सगळ्यांत खालच्या चाकाचे दात तीन ते पाच मिमी बुडतील एवढेच घाला. त्याहून वरचे तेल दांड्याच्या बुशमधून (आस ज्यात फिरतो त्या धातूच्या नळकांड्यातून) बाहेर पडणारच. एसएई ३० चे साधे तेल ठीक. ९० नंबरचे गिअर ऑइल थंडीत दांडा जड करते.

ग्रीसचा सल्ला ऐकू नका. दाते त्यात आपली वाट कोरतात, ग्रीस दोन्ही कडांना उभे राहते आणि दात कोरडेच घासतात. वर्षानुवर्षे वाळलेले ग्रीस लाखेसारखे कडक होते आणि पुढच्या मालकाला पंखा जाम वाटतो.

(बफेलो फोर्जचे नाव निघालेच आहे तर: विलिस कॅरियरने आधुनिक एअर कंडिशनिंगचा पहिला आराखडा १९०२ मध्ये काढला, तो याच कंपनीत नोकरीला असताना.)

प्रश्न : पेटी उघडल्यावर ब्राँझच्या चाकाचे दात एका बाजूने झिजून धारदार झालेले दिसले. पंखा भंगारात घालायचा का?

उत्तर : इतक्यात नाही. कोणी दांडा वर्षानुवर्षे एकाच दिशेने फिरवला असेल तर दातांची दुसरी बाजू जवळपास कोरी असते. पात्यांकडे पाहा. ती आसापासून सरळ बाहेर जाणारी असतील तर पंखा कोणत्याही दिशेने फिरवा, वारा सारखाच येतो. मग दांडा उलटा फिरवायला लागा. पात्यांना वाक असेल तर उलट्या दिशेने वारा कमी पडेल, पण घरगुती कामाला पुरू शकतो. दोन गोष्टी तपासा. दांडा आट्यांवर बसवलेला असेल तर उलट फिरवताना तो सुटतो. शिवाय आता आसाचा रेटा दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगवर येणार, म्हणून तिकडची वाटी आधी नीट पाहून घ्या.

दोन्ही बाजू गेल्या असतील तर नवे चाक कापून घ्यावे लागते. त्यासाठी जुने चाक आणि वर्म दोन्ही कारागिराकडे न्या, नुसते चाक नेऊन भागत नाही.

प्रश्न : पंखा हलका फिरतो, आवाजही नाही, तरी कोळसा फुलत नाही. वर एकदा नळीत धडाका झाला!

उत्तर : आधी धडाक्याचे, कारण ते धोक्याचे आहे. वारा थांबला की ओल्या किंवा नव्या कोळशातून निघणारा जळाऊ वायू नळीतून मागे पंख्यात शिरतो. पुढच्या फेऱ्याला तो विस्तवाकडे ढकलला जातो आणि पेटतो. थांबताना भट्टीखालची राखेची झडप उघडी ठेवा, आणि पुन्हा सुरू करताना झडप उघडी असतानाच दांडा हळू फिरवा.

कमी वाऱ्याला कारणे बहुधा पंख्याबाहेरच सापडतात. नळी ३ इंची असावी. २ इंचीने वारा अडतो, आणि प्रत्येक काटकोनी वळण आणखी थोडा खाते. सांध्यांवर धुराची उदबत्ती धरा, गळती लगेच दिसेल. मग भट्टीच्या तळाची जाळी तपासा, तिथे कीट साचलेले असते. हे सगळे ठीक असेल तरच पंख्याच्या दोन झाकणांमधला जोड उघडा आणि पातळ पुठ्ठ्याचे पॅकिंग घाला.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमच्या जुन्या लोहारसाळेत बिडाचा देशी पंखा आहे, नाव-गाव काही नाही. वरची उत्तरे त्याला लागू पडतात का?

उत्तर : तेलाची आणि वाऱ्याची पडतात. छर्ऱ्यांचे पाहावे लागेल: अशा कित्येक पंख्यांत छर्रे नसून गनमेटलचे बुश असतात. आस हाताने वर-खाली हलत असेल तर बुश झिजले. लेथवर नवे करून घ्या. १२ ते १६ मिमीच्या आसाला ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक ठेवायला सांगा आणि तेलाचे भोक बुशमधूनही आरपार पाडून घ्या. हे भोक विसरले जाते, मग वरून कितीही तेल घाला, आस कोरडाच राहतो. आसावर चर पडली असेल तर आधी आस घासून गुळगुळीत करा आणि नंतर त्या मापाचे बुश करा.

प्रश्न : गंज काढायला सँडब्लास्टिंग करू का? ओतीव अक्षरांत मूळ रंगाचा अंश दिसतो.

उत्तर : सँडब्लास्टिंग नको. वाळू बेअरिंगच्या जागी शिरली तर पूर्ण निघत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नका, ओला कपडा आणि हाताचा तारेचा ब्रश वापरा. सुटे केलेले बिडाचे भाग पाण्यात धुण्याचा सोडा (४ लिटरला एक मोठा चमचा) घालून १२ व्होल्टच्या चार्जरवर ठेवता येतात: भाग ऋण टोकाला, लोखंडी पत्रा धन टोकाला. पत्रा स्टेनलेसचा मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हे काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. पण या टाकीत रंगही सुटतो. तो राखायचा असेल तर तो भाग टाकीत घालू नका, पुसून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचे बोळे घडी करून टाकू नका, आपोआप पेटतात. उलगडून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

प्रश्न : दांड्याच्या जागी मोटर लावली तर?

उत्तर : मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर थेट दांड्याच्या आसाला जोडली तर पंखा मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेरे घेऊ पाहील. त्याआधीच दात तुटतील. वेग उतरवून जोडता येते, पण तेवढ्या खर्चात वेगळा विजेचा ब्लोअर येतो.