मेलोफोन घेतला म्हणून ट्रम्पेट सुटत नाही

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा ओहायोत हायस्कूलच्या ज्युनियर वर्षाला (अकरावीला) आहे, सहावीपासून ट्रम्पेट वाजवतो आणि येत्या उन्हाळ्यात त्याला ड्रम कोअरमध्ये, म्हणजे मैदानावर पितळी वाद्यं आणि ढोल वाजवत स्पर्धेत उतरणाऱ्या फिरत्या पथकात, जायचंय. ऑडिशनच्या शिबिरात त्याला सांगितलं, ‘ट्रम्पेटच्या जागा भरल्या, मेलोफोन घेतोस का?’ आणि तो एका पायावर तयार झाला. त्याचे बाबा म्हणतात, ‘हे वाजवून पुढे करणार काय?’ तुम्हाला तर मेलोफोन हे एखाद्या गोळीचं नाव वाटलं. तसं वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मेलोफोन वाजवून पुढे काहीही होत नाही. संगीताच्या पदवीला प्रवेश घेताना कोणी मेलोफोनवर ऑडिशन घेत नाही आणि सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याची खुर्चीच नसते. ते मैदानावर वाजवायचं पितळी वाद्य आहे. तरीही माझा सल्ला असा की त्याने ते घ्यावं, फक्त ट्रम्पेटची पेटी माळ्यावर टाकू नये.

आता वाद्यांविषयी. तुम्ही ‘सगळी पिवळी नळकांडी सारखीच दिसतात’ असं लिहिलंय, ते अगदीच चूक नाही. ट्रम्पेट बी-फ्लॅट स्वरातला, म्हणजे तो त्याचा मूळ स्वर. त्याची नळी सरळ केली तर साधारण दीड मीटर भरेल. युफोनियम आणि बॅरिटोनची नळी त्याच्या दुप्पट, म्हणून ते सप्तकभर खाली बोलतात. ट्यूबाची पुन्हा त्याच्या दुप्पट, साडेपाच मीटरच्या आसपास. मेलोफोन एफ स्वरातला, ट्रम्पेट आणि बॅरिटोनच्या मधला. बोटं तीच, वाचायचं तसंच, फक्त तोच लिहिलेला स्वर ट्रम्पेटपेक्षा पाच अर्धस्वर खाली निघतो. म्हणून ट्रम्पेटवाला मुलगा आठवड्याभरात मेलोफोनवर सूर काढायला लागतो. सूर *लावायला* मात्र महिने जातात. हे वाद्य जरा आडमुठं आहे. काही स्वर वर चढतात, काही खाली घसरतात, आणि वाजवणाऱ्याला ते कानाने ओढून जागेवर आणावे लागतात. मी त्याला ‘हो’ म्हणते ते याचसाठी. ट्रम्पेटच्या रांगेत मुख्य चाल धरून बाकीच्यांच्या मागे लपता येतं. मेलोफोनवाल्याला मधल्या पट्टीत, वरच्या आणि खालच्या दोन्ही आवाजांशी जुळवून घेत तीन महिने वाजवावं लागतं. पुढे ज्याला बँड शिकवायचा आहे त्याच्यासाठी याहून चांगली कानाची तालीम मला माहीत नाही.

मैदानावर मेलोफोन फ्रेंच हॉर्नच्या जागी वाजतो. मग खुद्द हॉर्नच का नेत नाहीत? हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं. पंच आणि प्रेक्षक समोर, आवाज पाठीमागे, असा प्रकार होईल. शिवाय हॉर्नची नळी मेलोफोनच्या दुप्पट लांब असते. तो इतक्या वरच्या पट्टीत वाजतो की तिथे नैसर्गिक स्वर एकमेकांना खेटून बसलेले असतात. धावत, मागे चालत, वळत फुंकताना ओठ जरासा हलला की शेजारचाच स्वर निघतो. मेलोफोनवर त्या स्वरांमध्ये अंतर जास्त, म्हणून चुका कमी.

बॅरिटोन आणि युफोनियममधला फरक मुलं रंगवून सांगतात, पण तो नळीच्या आकाराचा आहे. युफोनियमची नळी जास्त शंकूसारखी पसरत जाते, त्यामुळे आवाज गोल आणि गडद. बॅरिटोन त्या मानाने धारदार. दोन्ही हातांनी समोर आडवी धरायची, सगळं वजन खांद्यांच्या पुढे. मैदानी ट्यूबा, ज्याला मुलं ‘कॉन्ट्रा’ म्हणतात, खांद्यावर घेतात. तो दहा किलोहून जड भरतो आणि तो घेऊन मागे, तिरकं चालावं लागतं. ज्यांना ही रांग जमते त्यांच्याविषयी मला गुपचूप आदर आहे.

कोअरच्या स्पर्धांत 2014 च्या हंगामापासून ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न आणि सूझाफोनलाही (अंगाभोवती वेढून घ्यायचा ट्यूबा) परवानगी मिळाली. तरी रांगा अजून समोर तोंड असलेल्या वाद्यांच्याच दिसतात. पूर्वी तर फक्त जी स्वरातले ‘ब्यूगल’ (बिगुल) चालायचे. आधी व्हॉल्व्ह (स्वर बदलायची कळ) नसलेले, मग एक आडवा पिस्टन, मग दोन, आणि 1990 पासून तीन. ती वाद्यं कोअरबाहेर कुठेच कामाची नव्हती. 2000 पासून समोर तोंड असलेल्या, व्हॉल्व्हवाल्या, कुठल्याही स्वरातल्या पितळी वाद्यांना मुभा मिळाली, तेव्हापासून शाळेत वाजवलेलं मैदानावर आणि मैदानावरचं शाळेत उपयोगी पडतं. तुमच्या मुलाची पिढी या बाबतीत नशीबवान आहे.

ओठ बिघडतील का, ही तुमची भीती रास्त आहे. ट्रम्पेटच्या माउथपीसची वाटी आतून 16–17 मिलिमीटर, बॅरिटोनची पंचवीसच्या आसपास, ट्यूबाची बत्तीसच्या. त्याला बॅरिटोन दिला असता तर मी विचार करायला सांगितला असता, कारण तिथे ओठांची ठेवणच बदलते. मेलोफोनला बहुतेक जण ट्रम्पेटच्या जवळचाच माउथपीस लावतात. वाद्य सहसा कोअर देते, माउथपीस मात्र स्वतःचा न्यावा लागतो. कोणता घ्यायचा ते कोअरच्या पितळी वाद्यांच्या शिक्षकांना विचारूनच ठरवा. आणि कानांत चांगले इअरप्लग हवेतच. तालमी दिवसाला दहा-बारा तास चालतात, आणि ओठ दुखला की थांबता येतं, कानाचं तसं नाही.

आता करिअर. मुलाने तुम्हाला ‘मला बँड डायरेक्टर व्हायचंय’ असं सांगितलंय, पण पत्रात ते शेवटून दुसऱ्या ओळीत आलंय. खरा विषय तोच आहे! अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये बँड शिकवायचा तर संगीत शिक्षणाची पदवी, शाळेतलं सराव-अध्यापन आणि राज्याचा परवाना लागतो. त्या पदवीच्या ऑडिशन साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होतात आणि तिथे तो ट्रम्पेट घेऊनच जाणार. म्हणजे यंदाचा उन्हाळा मेलोफोनवर गेला, तर सप्टेंबर ते जानेवारी एवढेच महिने हातात. मे महिन्यात निघण्यापूर्वीच ट्रम्पेटच्या ऑडिशनची रचना त्याने निवडून पाठ करायला घेतलेली हवी. हे मी मोकळेपणाने सांगते, कारण याच टप्प्यावर मुलं घसरतात. ऑगस्टमध्ये भारावून परततात आणि नोव्हेंबरमध्ये कळतं की वरचे स्वर टिकत नाहीत.

शिकवण्यापलीकडे काय? ऑर्केस्ट्रात ट्रम्पेटच्या तीन-चार जागा, हॉर्नच्या चार-पाच, ट्यूबाची एक, आणि युफोनियमची कायमची जागाच नाही. युफोनियमवाल्यांना पगारी वादन करायचं तर मुख्य आधार लष्करी बँडांचा. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाचं ‘द कमांडंट्स ओन’ हे तर खुद्द ड्रम आणि ब्यूगल कोअर आहे, पण तिथे जायचं म्हणजे आधी मरीन सैनिक व्हायचं, बूट कॅम्पच्या लष्करी प्रशिक्षणासकट. याशिवाय वाद्यदुरुस्ती, संगीतसंयोजन, उन्हाळी प्रशिक्षक. यातली उन्हाळी कामं हंगामापुरतीच असतात, त्यांवर घर चालत नाही.

पैशांचं बोलू. वरच्या श्रेणीतल्या कोअरची फी काही हजार डॉलर असते, शिबिरांचा प्रवास वेगळा. मुलं बसने फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत कमाई शून्य. फी भरण्याआधी मुलगा मध्येच आजारी पडला तर किती पैसे परत मिळतात, हे कागदावर वाचा. वयाची घाई नाही. 1 जूनपूर्वी 22 वर्षं पूर्ण झालेली नसली की चालतं, म्हणजे त्याच्याकडे अजून बरेच उन्हाळे आहेत. त्याच्या बाबांना हे जरूर सांगा. यंदा पैसे किंवा अभ्यास आड आला तर कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर जाणं उलट जास्त सोयीचं ठरतं. तोवर पदवीची ऑडिशन मागे पडलेली असते.

त्याने तळाशी स्वतःच्या अक्षरात विचारलंय, ‘स्वतःचा ट्रम्पेट सोबत नेऊ का?’ ने, पण कोअरला विचारून. बसमध्ये जागा मोजकी असते. दौऱ्यावर रोज वाजवू नकोस, दिवसभर मेलोफोन फुंकल्यावर ओठांना रात्र हवी असते. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास, हळू आवाजात, लांब स्वर. आणि पेटीवर ठळक नाव लिही, तिथे सगळ्यांच्या पेट्या काळ्याच असतात.