फूड ट्रक येऊ देत, पण गेटबाहेर. आणि ट्रॅकचं काम त्याआधी

पुण्यातल्या मध्यवस्तीतल्या बागांत, म्हणजे सारसबाग किंवा जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग, फूड ट्रकना परवानगी द्यावी का आणि चालायचे ट्रॅक कसे सुधारावेत, असं तुम्ही विचारलंय. माझं मत शीर्षकातच आलंय, आता कारणं सांगतो.

आपल्याकडे ट्रॅक सुधारायचा म्हटलं की पेव्हर ब्लॉक येतात. मोठ्या झाडाच्या बुंध्यापर्यंत ते घट्ट बसवले की काही वर्षांत मुळं त्यांना उचलतात. ब्लॉकचा कोपरा बोटभर वर आला तरी आजी-आजोबांचा पाय अडकतो. पावसाळ्यात सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ धरतं, ते आणखी धोक्याचं. त्यापेक्षा दाबून बसवलेला मुरूम घ्या. मधे किंचित उंच, दोन्ही कडांना उतार आणि बाजूने उथळ चर, म्हणजे पाणी साचत नाही. पावसाळा संपला की नवा मुरूम टाकून रोलर फिरवावा लागतो. ही देखभाल निविदेतच लिहून घ्यायला हवी, नाहीतर दुसऱ्या वर्षी चिखल ठरलेला. व्हीलचेअरसाठी मात्र एक सपाट, पक्की वाट हवीच, मोठ्या झाडांपासून लांबून नेलेली.

आता खाण्याचं. सारसबागेबाहेर चौपाटी आहेच, भेळ-पावभाजीसाठी लोक मुद्दाम येतात. नवे ट्रक आणताना त्या विक्रेत्यांना बाजूला सारणं मला अजिबात मान्य नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असतात, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. तेव्हा आधी त्यांच्याशी बोलणी करा.

ट्रक बागेच्या आत का नकोत? त्यांच्या वजनाने मुळांवरची माती दबते आणि झाड हळूहळू वाळायला लागतं. शिवाय जनरेटरची घरघर, भांड्यांचं खरकटं पाणी, तळणीचं तेल. गेटबाहेर विजेचं कनेक्शन आणि ड्रेनेजचा जोड दिला तर यातलं बरंच टळतं.

पैशाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००१ साली हॉटडॉगची एक गाडी लागली, २००४मध्ये तिथेच शेक शॅकचं पक्कं दुकान झालं, आणि त्याच्या उत्पन्नातून त्या बागेच्या देखभालीला हातभार लागतो. इथेही ट्रकचं भाडं त्याच बागेच्या नावाने वेगळं ठेवलं पाहिजे. मुरूम, माळी आणि स्वच्छतागृह यांचा काही खर्च तरी त्यातून निघेल.

पुणे महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायला अर्ज मागवते. त्यात नुसतं 'ट्रॅक दुरुस्त करा' असं लिहू नका. कुठल्या गेटपासून कुठपर्यंत, कुठे ब्लॉक उचकटलेत, कुठे पाणी साचतं, हे फोटोसकट द्या. फूड ट्रकचा विषय त्या अर्जात घालू नका, तो फेरीवाला समितीकडे स्वतंत्रपणे न्या.